दीड किलोमीटरनंतरची रेषा

सोमवार, १६ जून २०२५

आज शाळा उघडल्या. संध्याकाळी दहावीची बॅच आली ती नव्या पुस्तकांना कव्हरं घालूनच. गणिताची पुस्तकं दोन. भाग एकमध्ये पहिलंच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', भाग दोनमध्ये पाचवं 'निर्देशक भूमिती'. पहिल्यात रेषा आलेखावर काढायची, दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू वाचायचा आणि पुढचं उदाहरण घ्यायचं. दुसऱ्यात तीच रेषा दिवाळीच्या आगेमागे पुन्हा भेटते, तेव्हा तिचा चढ काढायचा. तोवर पहिल्या रेषेची ओळख पुसलेली असते. बोर्डाचे पेपर वेगळे, दिवस वेगळे, गुण चाळीस आणि चाळीस. बीजगणितातली रेषा आणि भूमितीतली रेषा एकच आहे, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सूत्र मात्र सगळ्यांना येतं. मोठ्या भावंडांच्या वह्यांतून ते आधीच पोचलेलं असतं. वाय दोन वजा वाय एक, भागिले एक्स दोन वजा एक्स एक. एका मुलीने डोळे मिटून म्हणून दाखवलं. 'हे उत्तर दोन आलं तर रेषेबद्दल काय कळलं?' असं विचारलं, तर वर्ग गप्प.

यंदा दोन्ही प्रकरणं जूनपासून एकत्रच शिकवणार. आंतरछेद, म्हणजे रेषा अक्षाला कुठे छेदते तेही आत्ताच घेणार. नाहीतर अकरावी सायन्सला 'इंटरसेप्ट' एकदम अंगावर येतो. घ्यायला आलेल्या एका आईने विचारलं, 'बाई, परीक्षेला येतं का हे?' नाही येत, म्हणाले. पण ते कळल्याशिवाय परीक्षेला येणारं नुसतं पाठ होतं.

गुरुवार, १९ जून

आज फक्त चढ. प्रश्न विचारला : भोर घाटात, कर्जत ते लोणावळा, रेल्वेचा रूळ किती अंशांनी चढत असेल? तीस, वीस, पंचेचाळीस अशी उत्तरं आली. पुण्याला जाताना खिडकीतून घाट सगळ्यांनी पाहिलाय, कर्जतला मागे लागणारी जादा इंजिनंही काहींना माहीत आहेत. तिथला सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे. सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. अपूर्णांकात १/३७, कोनात जेमतेम दीड अंश. मुलांचा विश्वास बसेना. मग कॅल्क्युलेटरवर सगळ्यांनी काढून पाहिलं. कोकण रेल्वे बांधताना चढ १५० ला १ च्या आत ठेवला, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा पकड इतकी कमी असते की अर्धा-पाऊण अंशही इंजिनाला जाणवतो. डोळ्याला सपाट दिसणारी जमीन रेल्वेला सपाट नसते.

मग चाकाची खुर्ची. सार्वजनिक इमारतीच्या दाराशी रॅम्प बांधताना १२ ला १ पेक्षा जास्त चढ देऊ नये असा आपल्याकडचा दंडक आहे. पावणेपाच अंशांच्या आसपास. एक मुलगा म्हणाला, 'आमच्या बिल्डिंगचा रॅम्प याच्या दुप्पट तरी असेल.' मोजून ये म्हटलं. टेप घ्यायची, उंची मोजायची, जमिनीवरचं आडवं अंतर मोजायचं आणि भागायचं. उतरती फरशी मोजायची नाही, हे दोनदा सांगितलं. चढाच्या छेदात आडवं अंतर असतं, चाललेलं अंतर नव्हे.

यातून एक जुनी अडचण निघाली, तिच्यावर बराच वेळ गेला. पुस्तकात लिहिलंय, चढ म्हणजे टॅन थीटा. एका मुलीने चढ १ असलेली रेषा काढली आणि कोनमापक लावला, तर कोन सत्तरच्या जवळपास. ती रडवेली झाली. तिने एक्स-अक्षावर १ सेमी म्हणजे ३ एकक धरलं होतं आणि वाय-अक्षावर १ सेमी म्हणजे १ एकक. काहीच चुकलं नव्हतं. चढ १ च होता, फक्त कागदावरचा कोन खरा राहिला नव्हता. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तेव्हाच टॅन थीटा कागदावर दिसतो. आलेखाच्या वर कोपऱ्यात जी ओळ आपण सवयीने लिहितो, 'प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक', तिच्यावर सगळं उभं आहे. वर्तमानपत्रात भाववाढीचा आलेख छापताना अक्ष ताणला की साधी वाढही कड्यासारखी दिसते. मुलीला म्हटलं, तुझी आकृती जपून ठेव, पुढच्या बॅचला दाखवायची आहे.

रविवार, २९ जून

आज जो वर्ग झाला तसा क्वचित होतो. वर्गातल्या एकाचे वडील भाईंदर पूर्वेला रिक्षा चालवतात. त्याला दरपत्रकाचा फोटो आणायला सांगितलं होतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे.

फळ्यावर लिहिलं : वाय बरोबर एम एक्स अधिक सी. वाय म्हणजे भाडं, एक्स म्हणजे किलोमीटर. 'एम किती?' 'सतरा पूर्णांक चौदा.' बरोबर. एकक काय? थोडी चुळबुळ झाली, मग कुणीतरी 'किलोमीटरला रुपये' म्हणालं. मला हेच हवं होतं. चढ हा नुसता आकडा नसतो, त्याला वायचं एकक भागिले एक्सचं एकक चिकटलेलं असतं. 'आणि सी?'

सगळा वर्ग एका सुरात : 'सव्वीस!'

रिक्षावाल्याचा मुलगा मात्र बोलला नाही. जरा थांबून म्हणाला, 'बाई, दीड किलोमीटरपर्यंत मीटर पुढे जातच नाही ना. मग सतराचा हिशेब शून्यापासून कसा धरायचा?'

फळा त्याच्या हाती दिला. त्याने आलेख काढला. शून्यापासून दीडपर्यंत २६ च्या उंचीवर आडवी रेघ. दीडवर मोड. तिथून पुढे तिरपी. मग मी त्याला तिरपी रेघ मागे, डाव्या बाजूला वाढवायला सांगितली. वाय-अक्षाला कुठे लागते ते बघू. हिशेब वर्गाने केला. दीड गुणिले १७.१४ म्हणजे २५.७१. सव्वीसमधून वजा केले की राहतात २९ पैसे.

तिरप्या रेषेचा सी आहे २९ पैसे! २६ रुपये हा त्या आडव्या तुकड्याचा आंतरछेद, आणि त्या तुकड्याचा चढ शून्य. एका आलेखात दोन रेषा, दोघींचे एम वेगळे, दोघींचे सी वेगळे. चार किलोमीटरला तिरप्या रेषेने ६८.८५ येतात, म्हणजे ६९ रुपये. मुलगा म्हणाला, 'हो, बाबांच्या कार्डवर तेवढेच आहेत.'

मग आधीचा दर काढला. २३ रुपये आणि १५.३३. दीडने गुणलं की २२.९९५. सी अर्धा पैसा! टॅक्सीचा आताचा दर : ३१ रुपये आणि २०.६६. सी एक पैसा. म्हणजे दर ठरवणाऱ्यांनी रेषा जवळजवळ मूळबिंदूतूनच नेली आहे, आणि दीड किलोमीटरच्या आत बसणाऱ्यासाठी भाड्याखाली एक पाट ठेवला आहे. रिक्षाचा २५.७१ चा आकडा पूर्ण रुपयात आणला, तिथे ते २९ पैसे उरले. दरपत्रक कितीदा तरी हाताळलं होतं, त्यात इतकी आखीव भूमिती आहे हे मलाही आजच नीट दिसलं.

रात्री बारा ते पहाटे पाच भाडं सव्वापट होतं, तेव्हा काय होईल तेही मुलांनीच सांगितलं. चढ २१.४३ होईल, आडवा तुकडा ३२.५० वर जाईल, मोड मात्र दीडवरच राहील. शेअर रिक्षाचा आलेख एकीने काढला. मधे कुठेही उतरा, पैसे तेवढेच. सरळ आडवी रेघ.

गुरुवार, ३ जुलै

परवाच्या रिक्षाचा पुढचा भाग. चार किलोमीटरचं भाडं एकाने आडवळणाने काढलं होतं, दीडला २६ तर चारला किती? उत्तर ६९.३३. रेषेच्या उत्तरापेक्षा फक्त ४८ पैसे जास्त. त्याला वाटलं, सूत्राची गरजच काय!

हे त्रैराशिक आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त ते मांडलं, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हिशेब म्हणून मुख्यतः हेच शिकलं. त्रैराशिक म्हणजे मूळबिंदूतून जाणारी रेषा, दुसरं काही नाही. सी शून्य असेल तिथे ते बिनचूक चालतं. रिक्षात सी जवळजवळ शून्य आहे म्हणून चुकलेलं दिसत नाही. विजेच्या बिलावर ते लावून बघा.

मुलांनी बिलं आणली होती. बिलात एक ओळ स्थिर आकाराची असते. महिनाभर घराला कुलूप असलं, एक युनिटही जळलं नाही, तरी ती रक्कम येते. इथे आंतरछेद उघड छापलेला आहे. समजा स्थिर आकार १०० रुपये आणि युनिटला ५ रुपये. पन्नास युनिटांना ३५०, शंभरांना ६००. युनिटं दुप्पट झाली, बिल दुप्पट झालं नाही. वापर निम्मा केला तरी बिल निम्मं का येत नाही, ही घरोघरीची तक्रार त्या सी मुळे आहे. शिवाय १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दर बदलतो, म्हणून रेषा तिथे मोडते आणि जास्त उभी होते. एका मुलीने वहीत चार तुकड्यांचा आलेख काढला आणि प्रत्येक तुकड्यावर आपापला चढ लिहिला. आईला दाखवणार म्हणाली.

रविवार, ६ जुलै

आषाढी. क्लासला सुट्टी. दुपारी लोनी काढून बसले. त्याचं निर्देशक भूमितीचं पुस्तक १८९५ चं, आणि आजही जेईईची मुलं ते विकत घेतात. वाय बरोबर एम एक्स अधिक सी, अगदी ह्याच अक्षरांत, त्यात आहे. देकार्तची 'ला जिओमेट्री' १६३७ ची, त्याच सुमारास फर्मानेही ही वाट स्वतंत्रपणे शोधली होती. पण देकार्तच्या पुस्तकात आपल्यासारखे काटकोनात छेदणारे दोन पक्के अक्ष नाहीत, आणि ऋण बाजू तर तो टाळतोच. चार चरणांचं पूर्ण चित्र पुढच्या पिढ्यांनी घडवलं.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची गाडी ऋण आंतरछेदापाशीच अडते. 'रेषा खाली कशी जाईल, तिथे काही नसतंच ना,' असं ती विचारतात. इतक्या मोठ्या माणसांनाही तिथे जायला वेळ लागला, हे त्यांना सांगायलाच हवं.

शुक्रवार, १८ जुलै

लोकल उशिराने धावत होत्या म्हणून अर्धी बॅच उशिरा आली. आजचा विषय तोच घेतला.

रेल्वेच्या नियंत्रण कक्षात सेक्शन कंट्रोलर गाड्यांचा आलेख ठेवतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. पूर्वी हे मोठ्या कागदावर हाताने काढत, आता संगणकाच्या पडद्यावर असतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे याने पॅरिस-ल्यों मार्गाच्या गाड्यांचा असा आलेख छापला, तो जगभर गाजला. हे वेळापत्रक आकड्यांनी नव्हे, चढाने वाचायचं असतं.

आम्ही वर्गात आपलं छोटं काढलं. चर्चगेटपासून बोरिवली सुमारे ३४ किलोमीटर, दहिसर ३६, मीरा रोड ४०, भाईंदर ४३, नायगाव ४८. भाईंदर-नायगावमधली पट्टी सगळ्यांत रुंद आली. का, हे विचारावं लागलं नाही. खाडी सगळ्यांनी रोज बघितली आहे. विरारकडे जाणारी गाडी चढती रेघ, चर्चगेटकडे येणारी उतरती, चढ ऋण. गाडी स्टेशनात थांबली की आडवा तुकडा. फास्ट गाडीची रेघ स्लोपेक्षा उभी. एकाच दिशेच्या दोन रेघा छेदल्या तर तिथे फास्टने स्लोला मागे टाकलं, आणि त्यासाठी दुसरा रूळ लागतो. उलट दिशेच्या दोन छेदल्या तर खिडकीतून समोरची गाडी दिसते तो क्षण. बीजगणितातल्या पहिल्या प्रकरणातले 'छेदनबिंदूचे निर्देशक' हेच, असं म्हटल्यावर दोघा-तिघांनी चटकन मान वर केली.

मग विचारलं, गाडी दहा मिनिटं उशिरा निघाली पण वेग तोच राहिला, तर रेघेचं काय होईल? शांतता. मग मागच्या बाकावरून : 'बाजूला सरकेल. समांतर.' चढ तोच, आंतरछेद वेगळा! समांतर रेषांचे चढ समान असतात हे विधान पुस्तकात चौकटीत छापलेलं आहे. आज ते त्यांनी प्लॅटफॉर्मवरून स्वतः आणलं.

मला जे या मुलांना द्यायचं आहे ते याच्या पुढच्या पायरीवर आहे, म्हणून तास लांबवला. अंतर चर्चगेटपासून मोजलं तर भाईंदरहून सुटणाऱ्या गाडीचा आंतरछेद ४३. भाईंदरपासून मोजलं तर शून्य. बोरिवलीपासून मोजलं तर ९. गाडी तीच, धावणं तेच. आपण कुठे उभं राहून मोजायला लागतो त्यावर सी बदलतो, एम ला त्याचं काही नाही. मूळबिंदू निसर्गात कुठे रोवलेला नसतो, तो आपण निवडतो. चांगला निवडला तर निम्मं गणित तिथेच सुटतं. माझ्या मते निर्देशक भूमितीत शिकण्यासारखं सर्वांत मोलाचं हेच आहे, आणि दहावीच्या एकाही प्रश्नात ते विचारलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुरुवार, २४ जुलै

कालच्या घरच्या अभ्यासात वाय-अक्षाला समांतर रेषा होती. पुस्तक म्हणतं, तिचा चढ ठरवता येत नाही. छेदात शून्य येतो म्हणून, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. बरोबर आहे, पण ते उत्तर सूत्राचं झालं. मी विचारलं, गाड्यांच्या आलेखात अशी उभी रेघ दिसली तर काय समजायचं?

उत्तनहून येणारी मुलगी म्हणाली, 'एकच गाडी एकाच क्षणी भाईंदरलाही आहे आणि बोरिवलीलाही.' याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

तिने पुढे विचारलं, मग हिचा सी किती? नसतोच. ती वाय-अक्षाला भेटतच नाही. वाय बरोबर एम एक्स अधिक सी या साच्यात ही रेषा बसत नाही. भाग एकमध्ये जे लांबट रूप आहे, ए एक्स अधिक बी वाय बरोबर सी, त्यात सगळ्या रेषा मावतात, उभ्यासुद्धा. तिथल्या सी चा अर्थ मात्र इथल्या सी पेक्षा वेगळा आहे, हे लाल खडूने लिहिलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

काल दुपारपासून पावसाने झोडपलंय. शाळांना सुट्टी, क्लास नाही. मुलांना निरोप पाठवला : सरळ भिंतीचा डबा गॅलरीत ठेवा, तासातासाने पाण्याची उंची मोजा, आलेख काढा. संध्याकाळपर्यंत फोटो आले. एकाही आलेखात सरळ रेषा नाही. पावसाचा जोर वाढला तिथे रेघ उभी, उघडीप झाली तिथे आडवी. खाली कुठेच गेलेली नाही, कारण साठलेलं पाणी कमी होत नाही. एकाने डबा आधीच पाणी असलेला ठेवला होता. त्याची रेघ वरून सुरू झाली होती, बाकी वळणं इतरांसारखीच. त्याने स्वतःच खाली लिहिलं होतं, 'सी वेगळा.'

रविवार, २४ ऑगस्ट

गणपतीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. विषय : आपलं शहर. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ ची. जनगणनेचे आकडे फळ्यावर लिहिले, हजारांत. १९९१ : १७६. २००१ : ५२०. २०११ : ८०९.

पहिल्या दशकाचा चढ वर्षाला सुमारे ३४ हजार ४०० माणसं, दुसऱ्याचा २८ हजार ९००. रेषा किंचित लवली आहे. पहिली रेषा मागे नेली तर १९८६ च्या आसपास लोकसंख्या शून्य! मुलं ओरडली, 'कसं शक्य आहे?' घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांच्या काळातला, चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत धारावीच्या किल्ल्यावर लढाया झाल्या, उत्तनची कोळी-ख्रिस्ती गावं, भाईंदरची मिठागरं किती जुनी. माणसं होतीच. मुंबईतून घरांसाठी लोक इकडे यायला लागले तेव्हा रेघ एकदम वर वळली, त्याआधीची रेघ वेगळीच होती. दोन बिंदूंमधली रेषा त्या दोन बिंदूंपुरतं बोलते.

एकाने दुसऱ्या दशकाच्या रेषेत एक्सच्या जागी सरळ इसवी सन घातलं. सी आला उणे पाच कोटी त्र्याहत्तर लाख. तो फळ्यावर तसाच ठेवला आणि विचारलं, ही कोणाची लोकसंख्या? इसवी सन शून्याची, तीही उणे. मग त्याच मुलीने, उत्तनच्या, उठून २००१ ला शून्य धरलं. सी झाला ५ लाख २० हजार आणि चढ जागचा हलला नाही. मूळबिंदू तिने हलवला, मी काही बोलले नव्हते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ मध्ये होणार, तिची अधिसूचना जूनमध्येच निघाली. २०११ पासून पुढे सोळा वर्षं मोजायला सांगितली. दुसऱ्या दशकाच्या चढाने १२ लाख ७१ हजार येतात. दोन्ही दशकं धरून सरासरी चढ घेतला तर १३ लाख १५ हजार. पहिल्या दशकाचा चढ धरला तर १३ लाख ५९ हजार. 'बाई, यातलं बरोबर कोणतं?' माहीत नाही म्हटलं. जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत, मेट्रोचे खांब उभे आहेत. चढ यातल्या कुठल्याच आकड्याइतका राहील असं नाही. तिन्ही रेषा एकाच आलेखावर काढून, वर्ष आणि प्रमाण लिहून, प्रत्येकाने सुट्टीनंतर आणायच्या आहेत. सूत्र लिहिलं नाही तरी चालेल, पण प्रत्येक चढाशेजारी एकक हवं.